माप, वजन आणि द्रवपदार्थ : तेल, तूप व दूध यांच्या मोजणीचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भारतातील वजनमापांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जमीनमोजणी, धान्याची मापे आणि नाणी यांच्याकडे गेले आहे. स्वयंपाकघरातील तेल, तूप, दूध, मध, काकवी यांसारखे द्रवपदार्थ कशाने मोजावेत, मापाने की वजनाने, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात कौटिलीय अर्थशास्त्रापासून २०२२ सालच्या केंद्र शासनाच्या सूचनेपर्यंत या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. मापाचे वजनात रूपांतर करताना पडणारा फरक कोणाच्या पदरी पडतो, हा या निबंधाचा मुख्य विषय होय.

बीजसंज्ञा : शेर, कैली, वजनी, घनता, दशमान पद्धती, वैधमापन

प्रस्तावना

'मापात पाप' हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडी सर्रास येतो. त्यातून व्यापाऱ्याच्या लबाडीविषयीचा समाजाचा संशय व्यक्त होतो. तथापि मापात लबाडी नसतानाही ग्राहकाचे नुकसान होऊ शकते, ही बाब या शब्दप्रयोगात येत नाही. धान्याच्या बाबतीत माप खरे असले म्हणजे पुरेसे असते, असे सामान्यतः मानले जाते. द्रवपदार्थांच्या बाबतीत मात्र माप खरे, वजनही खरे, आणि तरीही एकाच्या जागी दुसरे वापरल्याने तूट येते, अशी स्थिती निर्माण होते.

याचे कारण घनतेत आहे. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम भरते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ३० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असून त्याचे वजन लिटरला सुमारे १ किलो ३० ग्रॅम असते. मध तर लिटरला सुमारे १ किलो ४०० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एकाच भांड्याने मोजलेले चार पदार्थ तराजूत चार वेगवेगळी वजने दाखवितात. शिवाय तापमान वाढले की तेला-तुपाचे आकारमान वाढते. वजन मात्र तेवढेच राहते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. द्रव खाद्यपदार्थांच्या मोजणीविषयी प्राचीन व मध्ययुगीन साधनांत आढळणाऱ्या नियमांचा परामर्श घेणे.
२. ब्रिटिशकालीन व स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी माप व वजन यांचा संबंध कसा लावला, हे पाहणे.
३. या रूपांतराचे ग्राहक, दूधउत्पादक आणि इतिहास-संशोधक यांच्या दृष्टीने असलेले महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित ग्रंथ, कोश व कायदे यांतील माहितीला घनतेच्या साध्या गणिताची जोड दिली आहे. तोळ्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६४ ग्रॅम, आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा धरला आहे.

कौटिल्याची तूट

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील एकोणिसावा अध्याय वजने व मापे यांना वाहिलेला आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला व पुढे मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये रा. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती प्रकाशित केली. त्यामुळे या अध्यायातील मजकूर अभ्यासकांच्या परिचयाचा आहे.

या अध्यायात द्रोण हे धान्याचे माप उडदाच्या २०० पल वजनावरून ठरविले आहे. हे महसूल घेण्याचे माप होय. व्यवहाराचा द्रोण १८७.५ पलांचा, नोकरांना शिधा देण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुराचा १६२.५ पलांचा सांगितला आहे. म्हणजे मापाचे मूळ वजनात आहे, हे तत्त्व कौटिल्याला मान्य होते. घेताना मोठे व देताना लहान माप वापरण्याची राजकोशाची सोयही त्यात उघड दिसते.

द्रवपदार्थांविषयी या अध्यायात तीन तरतुदी आढळतात. तापविलेल्या तुपासाठी बत्तिसावा भाग, तेलासाठी चौसष्टावा भाग जादा घ्यावा आणि सर्व द्रवांच्या बाबतीत मापाला चिकटून राहणाऱ्या वा गळणाऱ्या अंशासाठी पन्नासावा भाग धरावा, असा त्यांचा आशय आहे. पहिल्या दोन तरतुदींना 'तप्तव्याजी' व तिसरीला 'मानस्राव' अशी संज्ञा आहे.

आधुनिक दृष्टीने या अपूर्णांकांची तपासणी करणे उद्बोधक ठरते. तेल व पातळ तूप यांचे आकारमान तापमानाच्या प्रत्येक अंशामागे साधारणतः ०.०७ ते ०.०८ टक्के वाढते. बत्तिसावा भाग म्हणजे ३.१ टक्के. एवढी वाढ होण्यास सुमारे ४० अंशांचा फरक लागतो. चौसष्टावा भाग म्हणजे १.६ टक्के, त्याला सुमारे २० अंश पुरतात. थिजलेले तूप मोजण्यासाठी चांगले तापवावे लागते, तेल मुळातच पातळ असते. म्हणून तुपाची सूट तेलाच्या दुप्पट असणे व्यवहाराशी सुसंगत दिसते. अर्थशास्त्रकाराने तापमान मोजले होते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु गरम तूप मापात फुगते आणि थंड झाल्यावर कमी भरते, हा कोठारातील अनुभव नियमात उतरला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

आयुर्वेदातील द्रवद्वैगुण्य

द्रवांच्या मोजणीविषयी दुसरा महत्त्वाचा नियम वैद्यकग्रंथांत आढळतो. शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात गुंजेपासून कुडवापर्यंतची माने कोरड्या, ओल्या व द्रव पदार्थांसाठी समान मानली आहेत. प्रस्थापासून पुढे मात्र द्रव व ओले पदार्थ दुप्पट घ्यावेत, असे सांगितले आहे. याच ठिकाणी चार अंगुळे रुंद व तेवढ्याच उंचीचे माती, लाकूड, वेळू किंवा लोखंड यांचे भांडे म्हणजे कुडव, अशी आकारमानावर आधारलेली व्याख्याही येते.

एकाच संज्ञेने वजन व माप या दोहोंचा बोध होत असल्यामुळे असा नियम करावा लागला, हे उघड आहे. काढा, तेल किंवा घृत सिद्ध करणाऱ्या वैद्याला 'एक प्रस्थ' म्हणजे नेमके किती, हे पदार्थाची अवस्था पाहून ठरवावे लागत असे. यावरून हे लक्षात येते की संज्ञा सारखी असली तरी परिमाण सारखे असतेच असे नाही. हा मुद्दा पुढील काळातील 'शेर' या शब्दालाही तंतोतंत लागू पडतो.

तेली, पळी आणि दिवाबत्ती

तेलाच्या व्यवहाराची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. नाशिक येथील लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील शिलालेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी श्रेणींकडे ठेवलेल्या कायम ठेवींचा उल्लेख आहे. त्यांत तिलपिषक, म्हणजे तेल्यांची श्रेणी, येते. ग्वाल्हेरच्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात तेल्यांनी देवाच्या दिव्यासाठी दर घाण्यामागे एक 'पलिका' तेल देण्याची व्यवस्था नमूद आहे. वजनवाचक 'पल' या शब्दाशी पलिकेचे नाते असले, तरी येथे घाण्यावरून उचलून दिव्यात ओतण्याचे मापच अभिप्रेत असावे. मराठी घरातील 'पळी' ही त्याच कुळातील वस्तू होय. दिवा लावण्यासाठी माप सोयीचे, कारण तेथे तराजू लावण्याचे कारण नसते. विक्रीचा प्रश्न आला की मात्र तराजू पुढे येतो.

कैली आणि वजनी

मराठेशाहीतील कागदपत्रांत धान्यादी जिनसांच्या आकड्यांपूर्वी 'कैली' किंवा 'वजन' असा शब्द लिहिण्याची पद्धत होती. 'कैली' म्हणजे मापाने मोजलेले. वजनाच्या आकड्यास 'पक्के' वा 'कच्चे' असे विशेषणही जोडले जाई. कारकुनांची ही काटेकोरपणाची सवय अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. शेर म्हटले की तो कोणता, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, याची त्यांना जाणीव होती.

मापाच्या शेराची कोष्टके पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, अशी ही श्रेणी होय. वजनाच्या शेराचे भाग निराळे होते : छटाक ५ तोळे, अदपाव १० तोळे, पावशेर २० तोळे, अच्छेर ४० तोळे. एकाच शब्दाखाली अशा दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यातच स्थलपरत्वे भेद होते. मुंबईचा मण २८ पौंडांचा असून त्याचा चाळिसावा भाग असलेला शेर जेमतेम ३१८ ग्रॅम भरत असे. म्हणजे तो ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराच्या सुमारे एक तृतीयांश होता.

धान्य व द्रव यांच्या मापात आणखी एक भेद आहे. धान्याचे माप शिगेचे किंवा सपाट असू शकते. द्रवाला शीग चढत नाही. त्यामुळे धान्य देताना शीग धरावी की नाही, यावरून होणारी घासाघीस तेला-दुधात संभवत नाही. येथे कमीअधिकपणा घडतो तो घनता, तापमान, फेस आणि भांड्याला चिकटलेला अंश यांमुळे. शिगेचा वाद गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतो, हा वाद दिसत नाही.

पुढील गणितावरून या अदृश्य भेदाचे स्वरूप स्पष्ट होईल. ज्या भांड्यात बरोबर ८० तोळे पाणी मावते, त्या भांड्यात तेल सुमारे ७३ तोळे, दूध सुमारे ८२ तोळे आणि मध सुमारे ११३ तोळे मावतो. तेलाचा शेर वजनाऐवजी अशा मापाने दिल्यास गिऱ्हाइकाला सुमारे ७ तोळे कमी मिळतात, म्हणजे वजनी शेराच्या तुलनेत तेल सुमारे १० टक्के महाग पडते. मध मापाने विकणारा व्यापारी मात्र तोट्यात जाईल. मध व तूप हे पदार्थ वजनावर व दूध मापाने विकण्याची रूढी का टिकून राहिली, यामागे परंपरेबरोबर हा हिशेबही आहे. तूप थिजते, मध चिकटतो. दोहोंचे माप नीट रिकामे होत नाही. दूध पातळ, रोजचे व दारोदार घालायचे, म्हणून त्याला मापच सोयीचे.

पाण्याच्या साक्षीने केलेले कायदे

युरोपात आकारमानाचे एकक पाण्याच्या वजनावरून ठरविण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनच्या १८२४ च्या कायद्याने ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड पाण्याचे आकारमान म्हणजे एक गॅलन, अशी व्याख्या केली. १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे महत्तम घनतेच्या तापमानातील आकारमान म्हणजे लिटर, असे ठरविले. ही व्याख्या १९६४ मध्ये रद्द होऊन लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर, असे मानले गेले. दोहोंतील फरक दहा लाखांत २८ भाग, म्हणजे व्यवहारात नगण्य आहे.

भारतात १८३३ च्या बंगाल रेग्युलेशनने तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. पुढे १८७० व १८७१ च्या कायद्यांत 'सेर' हा किलोग्रॅमइतका मानून, तेवढे पाणी मावणारे भांडे हे आकारमानाचे एकक करण्याची योजना होती. ही योजना प्रत्यक्षात आली नाही. ती आली असती तर वजनाचा शेर व मापाचा शेर पाण्याच्या आधारे एकमेकांशी कायमचे जोडले गेले असते. मुंबई प्रांतासाठी १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण प्रमाण मानला. हा कायदा १ जुलै १९४२ पासून अंमलात आला. त्याच्या शीर्षकात केवळ वजनांचा उल्लेख आहे, ही गोष्ट सूचक होय.

या सर्व प्रयत्नांमागील गृहीतक एकच होते : पाण्याच्या साक्षीने माप व वजन यांचे नाते निश्चित केले की प्रश्न सुटतो. पण बाजारात कोणी पाणी विकत घेत नव्हते. जे विकत घेतले जात होते ते तेल पाण्यापेक्षा हलके आणि दूध पाण्यापेक्षा जड होते.

दशमान पद्धतीचे संक्रमण

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापे स्वीकारली गेली. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत दशमान वजने सुरू झाली व १ एप्रिल १९६२ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. आकारमानाची मापे त्यामागोमाग टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली. मुंबई राज्यात १९५८ मध्येच अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा झाला होता.

या संक्रमणाचे गणित ग्राहकाच्या बाजूने तपासले असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे ८५.७ तोळे, म्हणजे तो पक्क्या शेरापेक्षा ७ टक्क्यांनी मोठा. एक लिटर तेलाचे वजन मात्र सुमारे ७८ तोळे भरते. म्हणजे ते जुन्या वजनी शेरापेक्षा २ तोळ्यांनी कमी. ज्या गृहिणीने 'शेरभर तेल' या सवयीच्या जागी 'किलो' स्वीकारला तिला पूर्वीपेक्षा जास्त तेल मिळाले आणि जिने 'लिटर' स्वीकारला तिला थोडे कमी मिळाले. लिटर व किलो ही दोन्ही एकके 'नवा शेर' म्हणून समोर आल्याने ती परस्परांच्या जागी सहज वापरली गेली. तेलाच्या बाबतीत त्यांतील अंतर ९ टक्क्यांचे आहे. 'किलोभर दूध' आणि 'लिटरभर तेल' असे दोन्ही प्रयोग आजही कानी पडतात, ते याच संक्रमणाचे अवशेष होत.

स्वयंपाकघर, आहारशास्त्र आणि दूधसंकलन

घरगुती स्वयंपाकात आकारमानाचेच राज्य राहिले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या ग्रंथाने वाटी व चमचा ही प्रमाणे मराठी घराघरांत रुजविली. अनुभवी हातांच्या अंदाजाच्या जागी नवशिक्या गृहिणीला वापरता येईल असे प्रमाण मिळाले, हे त्याचे मोठे यश होय. दुसरीकडे १९७१ मध्ये सी. गोपालन व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके दर १०० ग्रॅम वजनावर आधारलेली आहेत. त्यामुळे कृती वाटीत आणि पोषण ग्रॅममध्ये, अशी स्थिती निर्माण झाली. १५ मिलिलिटरचा मोठा चमचाभर तेल म्हणजे १५ ग्रॅम नव्हे, तर सुमारे १३.७ ग्रॅम. ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरता १३५ ऐवजी १२३ किलोकॅलरी होतात. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात हे रूपांतर न शिकविल्यास आहाराचे तक्ते सदोष ठरतात.

दूधसंकलनात हा प्रश्न थेट उत्पन्नाशी निगडित आहे. दुधातील स्निग्धांशाचे प्रमाण वजनाच्या टक्केवारीत सांगितले जाते. गर्बर पद्धतीत १०.७५ मिलिलिटर दूध पिपेटने घेतले जाते. माप घेऊन वजनी टक्केवारी मिळावी, अशा बेताने ती नळी आखलेली असते. म्हणजे प्रयोगशाळेने रूपांतराची काळजी घेतलेली आहे. परंतु संकलनाच्या वेळी दूध लिटरमध्ये मोजून त्यालाच ही वजनी टक्केवारी लावली तर हिशेब चुकतो. १०० लिटर दुधाचे वजन सुमारे १०३ किलो असते. स्निग्धांश ६ टक्के असल्यास तो ६.१८ किलो होतो. लिटरालाच किलो मानले तर ६ किलोच धरला जातो. ही ३ टक्क्यांची तूट कोणीही लबाडी न करता उत्पादकाच्या पदरी पडते. दोन म्हशींवर घर चालविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती किरकोळ नाही.

बंद पिशवीतील प्रश्न

१९९८ मध्ये दिल्ली परिसरात भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलोदरसदृश विकाराची साथ आली. त्याच वर्षी केंद्र शासनाने खाद्यतेल बंद वेष्टनातून विकण्याविषयीचा आदेश काढला. घाण्यावरील किंवा दुकानातील सुट्या तेलाचा काळ त्यानंतर ओसरू लागला. भेसळ रोखण्याच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होते. मात्र गिऱ्हाइकासमोर तराजू धरण्याची जुनी रीतही त्याबरोबर मागे पडली. आता वेष्टनावरील आकडा हीच साक्ष राहिली.

या आकड्यात तापमानाचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. सोयाबीन तेलाच्या एक लिटरचे वजन २१ अंश तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम भरते. वेष्टनावर लिटरसोबत चढे तापमान छापले की कमी वजनाचे तेलही नियमानुसार 'एक लिटर' ठरते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानाबरोबर वजनही छापण्याची सूचना केली व वेष्टने बदलण्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. कौटिल्याची तप्तव्याजी आणि ही सूचना यांचे मूळ एकच आहे : गरम केलेल्या स्निग्ध पदार्थाचे माप फसवे असते. कौटिल्याच्या नियमात अशा तुटीची भरपाई ठरवून दिलेली होती. आजच्या सूचनेत ती ग्राहकाला मिळावी, असा हेतू आहे. १५ लिटरचा आणि १५ किलोचा डबा यांतील फरक सुमारे १ किलो ३५० ग्रॅमचा आहे, हे लक्षात घेता या सूचनेचे महत्त्व पटते.

इतिहास-संशोधनासाठी महत्त्व

जुन्या दरांच्या तुलनेत हा विचार विशेष उपयुक्त आहे. तेलाचा एका गावचा दर मापी शेराचा व दुसऱ्या गावचा वजनी शेराचा असेल, तर दोन्ही ठिकाणी एकच आकडा लिहिलेला असूनही प्रत्यक्ष भावात सुमारे १० टक्क्यांचा फरक राहतो. अशा फरकालाच महागाई किंवा स्वस्ताई मानून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. कैली-वजनी व पक्के-कच्चे हे कारकुनी शब्द सारणी तयार करताना गाळण्याची प्रवृत्ती म्हणूनच टाळली पाहिजे.

निष्कर्ष

१. द्रव खाद्यपदार्थ मापावेत की तोलावेत, हा प्रश्न एककांच्या बदलाने सुटलेला नाही. शेर जाऊन लिटर व किलो आले, तरी घनतेमुळे पडणारा फरक कायम राहिला.
२. कौटिल्याची तप्तव्याजी, आयुर्वेदातील द्रवद्वैगुण्य आणि मराठेशाहीतील कैली-वजनी हा भेद यांवरून या प्रश्नाची व्यावहारिक जाण भारतीय परंपरेत दीर्घकाळ होती, असे दिसून येते.
३. आधुनिक कायद्यांनी माप व वजन यांचे नाते पाण्याच्या आधारे जोडले; तेल व दूध यांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही.
४. या फरकाचा भार सामान्यतः ज्याच्या हाती तराजू नाही त्याच्यावर पडतो. तेलाच्या बाबतीत तो ग्राहक, तर दुधाच्या बाबतीत उत्पादक असतो.
५. माप व वजन या दोहोंचा एकत्र उल्लेख करणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय. मराठी कारकुनांनी आकड्यापूर्वी एक शब्द लिहून तो अंमलात आणला होता. वेष्टनावर दोन आकडे छापून आज तेच साधता येते.